त्रिकोणाच्या कडेची अक्षरं

पॉलिशवाला दुकानात शिरला तेव्हा धाकटी भिंगाला डोळा लावून एका वकिलाच्या शिक्क्यातलं शेवटचं अक्षर कोरत होती, त्यामुळे तिला आधी दिसले ते त्याचे बूट. पांढरे, मऊ, धूळ न लागलेले. धूळ लागणार तरी कशी, गाडीपासून पायरीपर्यंत दोन शिष्य पुढे वाट झाडल्यासारखे चालत होते. सत्तावीस वर्षांपूर्वी हाच माणूस याच दुकानाच्या कोपऱ्यातल्या चाकावर पितळी चकत्या घासायचा आणि चार हाका मारल्याशिवाय जागचा हलायचा नाही. चकतीचा दर्शनी भाग तेवढा चमकवायचा, कडा तशाच सोडून द्यायचा. आता त्याला हजारो लोक गुरुवर्य म्हणत. धाकटी मनात अजून पॉलिशवालाच म्हणायची, आणि नात्यानं तो तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

"धाकटे, ओळखलंस का?"

"बूट नाही ओळखले," ती मान वर न करता म्हणाली. "बसा भावोजी. ते स्टूल तुमचंच आहे."

तो हसला. त्याचं हसणं आता फार सराईत झालं होतं, सगळ्या खोलीला पुरेल असं. शिष्यांना बाहेर थांबायला सांगून तो रुमाल पसरून स्टुलावर बसला.

या माणसाचं उट्टं काढायचं हे धाकटीनं चोवीस वर्षं पोटात ठेवलं होतं. लोक राग विसरतात, कारण त्यांना इतर कामं असतात. हिचं कामच असं की दिवसभर एका जागी बसायचं, हात चालवायचा आणि डोकं रिकामं ठेवायचं. राग जपून ठेवायला याहून सोयीची जागा नाही. तिनं तो जपला होता, अधूनमधून काढून त्याला धारही लावली होती.

दोघी बहिणींचे बाबा हातानं शिक्के कोरायचे. त्यांच्याकडे कचेऱ्यांची कामं यायची, डॉक्टर-वकिलांची यायची, आणि चोरपावलांनी आणखी एक प्रकारचं गिऱ्हाईक यायचं. गुप्त मंडळांची माणसं, ग्रहताऱ्यांवरून औषध देणारे, शिशाचं सोनं करायला निघालेले. या सगळ्यांना शिक्क्यावर त्रिकोण हवा असायचा, आणि जो तो त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला ठाऊकच नसल्यासारखा कुजबुजत सांगायचा. टोक वर असेल तर ती आग, माणसाकडून वर जाणारं मागणं. टोक खाली असेल तर ते पाणी, वरून खाली येणारं देणं. दोन त्रिकोण एकमेकांत घातले की मागणं आणि देणं मधोमध भेटतात. कुणी म्हणे तीन बाजू म्हणजे इच्छा, ज्ञान आणि क्रिया, तर कुणी म्हणे शरीर, मन आणि आत्मा. बाबा कुणालाच हसायचे नाहीत. सगळं ऐकून घ्यायचे, एका जाड वहीत उतरवायचे आणि शेजारी आकृती काढायचे.

आकृती मात्र ते थेट उलटी काढायचे. शिक्का उलटा कोरला तरच कागदावर सुलटा उमटतो, आणि तीस वर्षं हेच केल्यावर त्यांच्या हाताला उलटंच सुलटं वाटायला लागलं होतं. शिवाय कोरायला बसण्याआधी बोटं मोकळी व्हावीत म्हणून मनात येईल ते आकृतीच्या कडेनं लिहायची त्यांना सवय होती. तेही उलट्या अक्षरांत, वरची आडवी रेघ गाळून, एकात एक गुंतवून. चहा गार झाला. सरपण संपत आलंय. धाकटीला चष्मा लागणार. कोरणाऱ्याला अशी अक्षरं घडाघडा वाचता येतात. इतरांना ती नक्षी वाटते; थोरली कधी कोरायला बसली नाही, त्यामुळे तिलाही.

त्रिकोणाबद्दल बाबांचं स्वतःचं मत अगदी साधं होतं. "दोन टोकं असली की नुसती ओढाताण," ते म्हणायचे. "तिसरं आलं की आत बसायला जागा होते." आई गेल्यावर घरात ते, थोरली आणि धाकटी असे तिघंच उरले होते, त्यामुळे हे वाक्य ते कुठल्या पंथाच्या पुस्तकातून बोलत नव्हते हे मुलींना कळायचं.

मग थोरलीचं मन पॉलिशवाल्यावर बसलं. बाबा नाही म्हणाले. थोरलीनं अबोला धरला, ताटावर बसायचं सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघून गेली. जाताना वहीसुद्धा गेली. दोन वर्षांत गावाच्या दुसऱ्या टोकाला त्रिकोण साधना केंद्र उभं राहिलं आणि तीन वर्षांत ज्याला एक कड धड घासता आली नव्हती तो माणूस तिथं इच्छा, ज्ञान आणि क्रियेवर प्रवचनं द्यायला लागला. शब्द न् शब्द बाबांच्या वहीतला होता. बाबांचं नाव कुठेच नव्हतं.

तेवढं धाकटीनं कदाचित सोडून दिलं असतं. पण बाबा शेवटच्या आजारात महिनाभर ती वही मागत होते. "थोरली गेली त्याच्या आदल्या दिवशीचं पान मला बघायचंय," म्हणायचे. धाकटी केंद्रावर गेली. थोरली दारात आली, दार पूर्ण न उघडता म्हणाली, "वही बाबांनीच यांना दिली होती." धडधडीत खोटं, आणि तेही डोळ्यांत डोळे घालून. नंतर टपालानं एक छापील कार्ड आलं. वर त्रिकोण, खाली ओळ: आपली तळमळ त्रिकोणाला अर्पण करा. ते कार्ड बाबांच्या उशाशी पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा गेले. कार्ड अजून धाकटीच्या हत्यारांच्या खणात होतं.

"झालं गेलं विसरून जाऊ," पॉलिशवाला आता म्हणत होता. "तुझी ताई नेहमी तुझं नाव काढते. शनिवारी केंद्राला पंचवीस वर्षं होतात. तुला मानानं बोलवायला आलोय."

"आणि काम काय आहे?"

त्यानं जरा चुळबुळ केली. मग पिशवीतून काचेच्या चौकटीत बसवलेलं एक पिवळं पान काढून तिच्या कोरायच्या बाकावर ठेवलं. "काही लोकांनी आमच्या चिन्हाची नक्कल करून वेगळं केंद्र काढलंय. म्हणून दीक्षापत्रावर उठावाचा शिक्का हवा. मशीनवाल्यांनी तीनदा प्रयत्न केला, कडेची लिपी तुटते. हातानं कोरणारं कुणी उरलंच नाहीये."

धाकटीनं भिंग पुढं ओढलं. बाबांचा हात तिनं दुरूनच ओळखला होता. वर टोक असलेला त्रिकोण, एका पायाशी ज्योत, दुसऱ्या पायाशी थेंब, आणि तिन्ही बाजूंनी बारीक अक्षरांची किनार. केंद्राच्या कार्डांवर आणि लॉकेटांवर ती किनार इतकी बारीक छापलेली असायची की नुसते करवतीचे दाते दिसायचे. मूळ पान आज पहिल्यांदा तिच्यासमोर आलं होतं.

"ही आदिलिपी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ध्यानात माझ्या हातून उतरली. एक बाजू इच्छा, एक ज्ञान, एक क्रिया. साधक वर्षानुवर्षं यातल्या एकेका वळणावर मन एकाग्र करतात. ही शब्दांत सांगता येत नाही."

धाकटी वाचत होती. तिला उलटं वाचायला आरसा लागत नव्हता. पहिली बाजू: थोरली दोन दिवस जेवली नाही. दुसरी बाजू: पोरगा आळशी आहे, पण तिला आवडतो. तिसरी बाजू: उद्या हो म्हणून टाकतो.

तिनं भिंगावरचा डोळा काढला नाही, कारण काढला असता तर तो ओला दिसला असता. एकाच वेळी तिला हसू आलं होतं, रडू आलं होतं आणि दोन्हींच्या खाली एक थंडगार आनंद पसरत होता. बाबा हो म्हणणार होते. ज्या वहीत त्यांनी माघार घेतली होती, तीच वही घेऊन ही दोघं पळाली होती. आणि पंचवीस वर्षं हजारो माणसं मांडी घालून, डोळे मिटून, पोरगा आळशी आहे यावर ध्यान करत होती.

"आकार केवढा?" तिनं विचारलं.

"याच्या दुप्पट. लिपी अगदी स्पष्ट उमटली पाहिजे. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या हातात कागद गेला तरी एकेक वळण दिसलं पाहिजे."

"बरं. उलटं करून कोरू, की आहे तसंच?"

शिक्के कोरणारा हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारतो. चार वर्षं या दुकानात बसलेल्या माणसाला तो झोपेत कळायला हवा होता. पण पॉलिशवाला त्या चार वर्षांत चाकापासून बाकापर्यंतची सहा पावलं कधी चालला नव्हता. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"त्या चिन्हापुढे उलटं हा शब्दसुद्धा काढू नकोस," तो म्हणाला. "एक रेघ इकडची तिकडे नको. आहे तसंच."

"मग तसं लिहून द्या. आमच्याकडे पद्धत आहे."

त्यानं कामाच्या चिठ्ठीवर ऐटीत लिहिलं: नमुन्याप्रमाणे, जसंच्या तसं. खाली लांबलचक सही केली. धाकटीनं चिठ्ठी खणात कार्डाशेजारी ठेवली.

तिला सहा दिवस लागले. असं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. एरवी ती हात राखून चालवायची, पण या पितळावर तिनं बाबांच्या प्रत्येक अक्षराचा श्वाससुद्धा उतरवला. ज्योत उजव्या पायाशी कोरली, थेंब डाव्या, पानात होतं तसंच. ठशात ते जागा बदलणार होते. बाबा म्हणायचेच, आग हृदयाच्या बाजूला डावीकडे, पाणी उजवीकडे. केंद्रातली माणसं पंचवीस वर्षं दिवा चुकीच्या हातात धरून बसत होती. कोरताना ती मध्येच एकटी हसायची आणि शेजारचा घड्याळवाला डोकावून बघायचा.

पाचव्या दिवशी फोन आला. थोरली होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"पहिला ठसा मी मारायचाय," ती म्हणाली. "हे म्हणतात, समारंभाआधी कुणी ठसा घ्यायचा नाही. नीट होतंय ना काम?"

"होतंय."

"धाकटे, बाबांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही ना? मी रोज सकाळी त्या चिन्हासमोर बसते. तीनही बाजूंवरून नजर फिरवते. तेवढा वेळ बरं वाटतं, का ते माहीत नाही."

सांगून टाकायला तीन वाक्यं पुरली असती. ती तिन्ही वाक्यं धाकटीच्या समोर शिकंज्यात आवळलेली होती. एकटीला, फोनवर, हळूच सांगितलं असतं तर थोरली घरातल्या घरात रडली असती आणि पॉलिशवाल्यानं दुसऱ्या दिवशी शिक्क्याचा बेत गुपचूप गुंडाळला असता. धाकटीच्या डोळ्यांसमोर अर्धवट उघडलेलं ते दार आलं. बाबांनीच दिली होती. बाबा तेव्हा इकडे पान मागत होते आणि पान त्या दाराच्या आत होतं.

"शनिवारी सकाळी प्रेस लावायला मी स्वतः येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी पुढं कोरलं नाही. पण मन बदललं नाही.

शनिवारी सकाळी केंद्राचा नवा हॉल भरून गेला होता. सातशे माणसं सतरंज्यांवर बसली होती, प्रत्येकाच्या उजव्या हातात दिवा, डाव्या हातात पाण्याची वाटी. व्यासपीठावर धाकटीनं टेबलाला हाताचं प्रेस पक्कं केलं, शिक्का बसवला. पॉलिशवाल्यानं आधी पितळ पानाशी ताडून पाहिलं. रेघ न् रेघ तीच होती. त्यानं समाधानानं मान डोलावली आणि माईक हातात घेतला.

थोरली आली. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण चालताना उजवा खांदा जरा खाली सोडायची सवय तीच होती. तिनं धाकटीकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. धाकटी हसली नाही. दीक्षापत्रांचा गठ्ठा शेजारी होता, तीनशे कागद. धाकटीनं पहिला कागद आत सरकवला आणि बाजूला झाली.

"आता आदिलिपीचा पहिला ठसा," पॉलिशवाला सांगत होता. "मित्रहो, ही लिपी शब्दांत सांगता येत नाही."

थोरलीनं दांडा खाली दाबला. कागद बाहेर ओढला, उजेडाकडे तिरका धरला. पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव, वळण न् वळण लख्ख. तिच्या कपाळाला आठी पडली. ज्योत जागेवर नव्हती. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलायला लागले, शाळेतल्या पोरीसारखे, एकेक अक्षर जुळवत. धाकटी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. याचसाठी तर ती आली होती, यातली एक रेघही तिला सोडायची नव्हती.

थोरलीनं दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिनं टेबलाचा आधार घेतला.

"शब्दांत सांगता येत नाही," पॉलिशवाल्यानं पुन्हा म्हटलं, कारण त्याला टाळ्या हव्या होत्या.

"येतं की," थोरली म्हणाली.

ती माईकजवळच उभी होती. सातशे जणांना ऐकू गेलं.

"इच्छा," ती म्हणाली आणि बोट कागदाच्या कडेवर ठेवलं. "थोरली दोन दिवस जेवली नाही." बोट पुढं सरकलं. "ज्ञान. पोरगा आळशी आहे, पण तिला आवडतो." बोट तिसऱ्या कडेवर आलं. "क्रिया. उद्या हो म्हणून टाकतो."

हॉलमध्ये मागे कुणीतरी फिसकन हसलं. पॉलिशवाल्यानं कागद तिच्या हातातून ओढून घेतला. त्यानं वाचलं तेव्हा त्याचा चेहरा धाकटीनं नीट बघून घेतला. पंचवीस वर्षांचं तेज उतरायला काही क्षण लागले, आणि खाली चाकासमोर बसलेला तोच माणूस निघाला. चार हाकांनी न उठणारा.

"तू बदललंस," तो धाकटीवर ओरडला. "मी सांगितलं होतं, जसंच्या तसं."

धाकटीनं खिशातून चिठ्ठी काढून पहिल्या रांगेतल्या शिष्याच्या हातात दिली. "गुरुवर्यांची सही आहे. आणि पान त्या चौकटीत आहे. कुणीही आरसा धरून बघा. लिपी माझ्या बाबांची आहे, वहीसुद्धा."

दोन माणसं चौकटीकडे गेली. एकीनं पर्समधून आरसा काढला. पॉलिशवाला काहीतरी बोलायला लागला, परीक्षा, माया, असे दोन-तीन शब्द आले, पण समोरची माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. हातातले दिवे खाली ठेवत होती. तो खुर्चीत बसला.

थोरली तशीच उभी होती. "कधीचं आहे हे?"

"तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशीचं," धाकटी म्हणाली. "शेवटच्या महिन्यात बाबा हेच पान मागत होते. मी दाराशी आले होते."

हे वाक्य तिनं चोवीस वर्षं घासून ठेवलं होतं आणि ते बरोबर बसलं. थोरलीनं डोळे मिटले. पान रोज सकाळी तिच्या नजरेसमोर होतं. रोज सकाळी बाबा तिला हो म्हणत होते आणि तिला वाचता येत नव्हतं. धाकटीला वाटलं होतं की हे बघून पोटातली आग निवेल. आग होती तिथंच होती, फक्त आता तिच्यासमोर बाबांसारखाच खांदा खाली सोडून एक म्हातारी बाई उभी होती.

थोरलीनं डोळे उघडले. पदरानं चष्मा पुसला, प्रेसकडे वळली आणि गठ्ठ्यातला दुसरा कागद उचलला.

"काय करतेस?" पॉलिशवाला खुर्चीतून म्हणाला. "बंद कर ते."

तिनं दांडा दाबला. कागद काढून पहिल्या रांगेतल्या बाईला दिला. तिसरा कागद. चौथा. "तीनशे जणांना दीक्षा द्यायची होती ना," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "देते. प्रत्येकाला वाचता येईल अशी देते."

लोक रांग लावायला लागले. कुणी चिडून कागद घेत होतं, कुणी हसत, कुणी वाचून डोळे पुसत. नव्या प्रेसचा दांडा जड होता. पंधराव्या कागदाला थोरलीचा हात भरून आला, सोळावा कागद तिरका गेला आणि ठशाचं टोक कापलं गेलं.

"हा सूड माझ्यावरही होता ना?" तिनं हळूच विचारलं.

"हो," धाकटी म्हणाली. "तुझ्यावर जास्त."

थोरलीनं मान हलवली. कपाळावरचा घाम पुसला आणि दांड्यावर पुन्हा हात ठेवला.

"बरं केलंस. आता कागद सरळ धर, अजून खूप राहिलेत."

धाकटी टेबलाच्या पलीकडे गेली आणि कागद सरळ धरला.